गळक्या छपराची हमी

ज्या माणसाने चौतीस वर्षं लोकांची छपरं गळू नयेत म्हणून जिवाचं रान केलं, त्याच माणसावर म्हातारपणी गळकं छप्पर बांधायची वेळ यावी, याला काय म्हणावं? आजोबा याला परीक्षा म्हणत. आजी दुसरं काहीतरी म्हणत असे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आजोबांचा व्यवसाय वॉटरप्रूफिंगचा. गावातल्या निम्म्या गच्च्यांवरून त्यांचा हात फिरलेला. प्रत्येक कामासोबत दहा वर्षांची लेखी हमी, खाली लफ्फेदार सही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी कुणाच्या घरी गेले की बसण्याआधी मान वर करून छताचे चारही कोपरे बघून घेत. नवख्या यजमानांना वाटे, माणूस मोठा श्रद्धाळू दिसतो. मग आजोबा म्हणत, "उत्तरेच्या कोपऱ्यात ओल आहे," आणि यजमानांचा चहा कडू होई.

त्यांची नात पाच वर्षांची. तिला सगळे गोटी म्हणत, कारण ती गोल होती आणि हातातून निसटायची. आई-बाप दोघंही नोकरीला, त्यामुळे बालवर्ग सुटला की संध्याकाळपर्यंत गोटी आजी-आजोबांची. आजोबांची धाकटी बहीण परगावी असे आणि घरच्या प्रत्येक ज्यू सणाच्या आधी गोटीसाठी त्या सणाचं एक चित्रांचं पुस्तक पाठवत असे. पुस्तकं परक्या भाषेतली, म्हणून बहीण प्रत्येक पानावर स्वतःच्या अक्षरात मराठी लिहिलेली चिठ्ठी चिकटवी. तिचं अक्षर डॉक्टरी. जिथे लागायचं नाही तिथे आजोबा मनाने भर घालत, आणि दुसऱ्या दिवशी वेगळी भर घातली की गोटी त्यांना पकडत असे.

नव्या वर्षाच्या पुस्तकात एडक्याचं शिंग फुंकणारा माणूस होता. गोटीने विचारलं, "आपल्याकडे आहे?" होतं. माळ्यावर होतं, आजोबांच्या वडिलांचं. आजोबांनी ते पुसून तोंडाला लावलं आणि सर्व शक्ती एकवटली. पंधरा मिनिटांनी दारात प्लंबर उभा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाठवला होता. पंपात हवा अडकल्याची तक्रार तीन मजल्यांवरून आली होती म्हणे. आजोबांनी त्या प्लंबरला चहा पाजला आणि शिंगाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

त्यानंतर आलं सुक्कोथचं पुस्तक, म्हणजे घरच्या भाषेत झोपडीच्या सणाचं. पूर्वज वाळवंटात चाळीस वर्षं तात्पुरत्या निवाऱ्यात राहिले, त्याची आठवण म्हणून सात दिवस झोपडीत बसायचं, जेवायचं. पुस्तकातल्या झोपडीला हिरव्या फांद्यांचं छप्पर होतं, त्यातून तारे दिसत होते, आणि एक बकरी येऊन निम्मं छप्पर खाऊन जात होती. गोटीने ते पुस्तक आठवडाभरात चाळीस वेळा वाचून घेतलं. आता आजोबांची चूक इथे झाली. पुस्तकात 'ती माणसं' होती. आजोबांनी वाचताना त्यांचं 'आपण' केलं. आपण झोपडी बांधतो. आपण तिच्यात जेवतो. आपल्याला छपरातून तारे दिसतात. आजोबांच्या लहानपणी हे सगळं खरंच होत असे. त्यामुळे त्यांना त्यात खोटं काही वाटलं नाही. पण गोटीच्या जन्मापासून या घराने झोपडी म्हणून पाहिली होती ती सिनेगॉगच्या अंगणातली, भर दुपारी, दहा मिनिटं, आणि त्या वेळी गोटी झोपली होती.

गोटीने वर्गात सांगितलं, "सणाला आम्ही झोपडीत जेवतो आणि छपरातून आम्हाला तारे दिसतात."

चष्मा लावणारी एक मुलगी होती वर्गात. गोटी तिला चष्मेवाली म्हणे. ती म्हणाली, "तू तर तिसऱ्या मजल्यावर राहतेस." सगळा वर्ग हसला. कुणीतरी 'खोटारडी' म्हणालं, मग सगळेच म्हणाले. आणि बाईंनी वहीत चिठ्ठी पाठवली: 'गोटीची कल्पनाशक्ती चांगली आहे. मात्र गोष्ट कोणती आणि खरं कोणतं, यातला फरक घरी समजावून सांगावा.'

आजोबांनी ती चिठ्ठी चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली. गोटी त्यांच्याकडे बघत होती.

"मी खोटं बोलले का?" तिने विचारलं.

"मुळीच नाही."

"मग आपली झोपडी कुठंय?"

या प्रश्नावर आजोबांनी जे केलं ते घाईत केलं. बाईंना त्यांनी लगोलग उत्तर लिहिलं: 'आपण संपूर्ण वर्गासह आमच्या झोपडीत यावे, सोयीचा वार कळवावा.' बाई सज्जन. त्यांनी सणाच्या आठवड्यातला मंगळवार कळवला, संध्याकाळी साडेपाच, बारा मुलं. आजीने ते वाचून फक्त एवढंच विचारलं, "झोपडी कोण बांधणार?"

"मी."

"तुम्ही घरात शेवटचा खिळा मारलात त्याला अकरा वर्षं झाली. तो पडला, त्याला दहा."

आजोबांनी आधी आपल्या थोरल्या चुलतभावाला, म्हणजे दादांना, फोन लावला. घरातलं धर्माचं सगळं ज्ञान त्यांच्याकडे, आणि कानाने ते अधू. दादांनी फोनवर ओरडून नियम सांगितले. भिंती कसल्याही चालतील, पण छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि कापलेल्या वस्तूचं. आत उन्हापेक्षा सावली जास्त हवी. डोक्यावर दुसरं छत नको, झाडही नको, सरळ आकाश हवं. आणि फटी अशा ठेव की रात्री तारे दिसतील.

"पाऊस आला तर?" आजोबांनी धंद्याच्या सवयीने विचारलं.

"गळेल," दादा ओरडले. "गळायलाच हवं. घट्ट छप्पर झालं तर ते घर झालं. घरात बसायला सण कशाला हवा?"

आजोबांनी फोन ठेवला. शुद्ध शाकाहारी आचाऱ्याला मटण करायला सांगावं, तसं त्यांचं झालं होतं.

पहिली जागा अर्थातच गच्ची. आजोबा सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी नियमाचा माणूस. लिफ्टमध्ये किती जणांनी किती वेळ बोलावं याचाही त्यांच्याकडे नियम होता. त्यांनी आजोबांना गच्चीच्या दाराशी नेलं आणि तिथला पितळी फलक दाखवला. 'गच्चीवर खांब रोवू नये, खिळा ठोकू नये, मांडव घालू नये. वॉटरप्रूफिंगची हमी रद्द होईल.' खाली लफ्फेदार सही. आजोबांचीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करणार कुणाकडे? उलट सेक्रेटरी कौतुकाने म्हणाले, "असा नियम लिहिणारी माणसं आता राहिली नाहीत."

मग स्वतःची बाल्कनी. तिथे अर्धा सांगाडा उभा राहिल्यावर गोटीने पुस्तक आणलं, चित्र बघितलं, वर बघितलं. "आजोबा, वर काकूंची बाल्कनी दिसते. तारे तिच्या वर आहेत." चौथ्या मजल्याच्या काकूंना विचारून बघावं, असा एक विचार आजोबांच्या मनात आला, पण काय विचारणार? बाल्कनी आठवडाभर काढून ठेवता का?

उरला तो आवारातला पाण्याच्या टाकीमागचा कोपरा. वर आकाश, खाली फरशी, बाजूला कुणी न नेलेली एक मोडकी सायकल. सेक्रेटरी म्हणाले, माझी हरकत नाही, पण मोकळ्या जागेतलं बांधकाम म्हणजे नगरपालिकेची परवानगी आली. आजोबा अर्ज घेऊन कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "छताचा प्रकार?"

"फांद्या. पानांसकट."

"फांद्या यादीत नाहीत. काँक्रीट, पत्रा, कौलं, ताडपत्री. चारातलं एक सांगा."

"यातलं एकही चालत नाही हो. तारे दिसले पाहिजेत."

"कुणाला?"

"नातीला."

कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला. "नातीसाठी रकाना नाही," तो म्हणाला, पण प्रेमाने म्हणाला, आणि आजोबांना आतल्या इंजिनियरसाहेबांकडे धाडलं.

साहेब तरुण होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "पाऊस आला तर हे गळणार?"

"गळणार."

"नक्की?"

"नक्की."

"मग ते छत नाही. छत नाही म्हणजे बांधकाम नाही. बांधकाम नाही म्हणजे परवानगी लागत नाही." आजोबांचा जीव भांड्यात पडला. "फक्त परवानगी लागत नाही, असं पत्र मिळण्यासाठी अर्ज करावा लागेल. आणि सोबत हमीपत्र जोडा, की ते गळेल."

तिथल्याच बाकावर बसून आजोबांनी लिहिलं: 'मी खाली सही करणारा असे लिहून देतो की, सदर छप्पर सात दिवस अखंड गळके राहील. न गळल्यास ते अनधिकृत बांधकाम समजण्यात यावे व त्याची सर्वस्वी जबाबदारी माझी राहील.' आयुष्यभराची पुण्याई त्या एका कागदावर गेली, असं त्यांना वाटलं. सहीला लफ्फा त्यांनी मुद्दाम दिला नाही.

साहेबांची सही मात्र राहिली, कारण साहेब रजेवर गेले. शुक्रवारी संध्याकाळी सण लागला. आजीने दिवे लावले, पांढरी चादर घातली, गोटी नवीन फ्रॉक घालून जेवायला बसली आणि छताकडे बघून म्हणाली, "हे गळत नाही ना?" शनिवार, रविवार कचेरी बंद. झोपताना गोटी रोज दिवस मोजायची, मंगळवारला किती राहिले ते. आधी ती हे आनंदाने मोजत असे. रविवारी तिने हळूच विचारलं, "बाईंना येऊ नका म्हणून सांगायचं का?" त्या रात्री आजोबांनी ठरवलं, आता शेंडी तुटो की पारंबी.

सोमवारी कचेरी उघडायच्या आधी ते दारात होते. अकराला पत्र मिळालं, बाराला सुतार आला. सुतार जुना, आजोबांच्या हाताखाली काम केलेला. सांगाडा त्याने तीन तासांत उभा केला. वरच्या पट्ट्या मात्र एकमेकींना इतक्या चिकटवून बसवल्या की मुंगी आत जाणार नाही.

"अरे, फट ठेव."

"साहेब, एका फटीसाठी तुम्ही मला दोन तास उन्हात उभं केलं होतं. आज म्हणता फट ठेव?"

"ठेव रे बाबा."

"केवढी?"

"तारा दिसेल एवढी."

"तारा केवढा असतो?" सुताराने मनापासून विचारलं. तीस वर्षं मापात काम केलेला माणूस, अंदाजपंचे काही करायचं त्याच्या जिवावर आलं होतं. शेवटी खिडकीतून आजी म्हणाली, "चार बोटं ठेवा दोघं मिळून, आणि हात धुऊन जेवायला या."

एव्हाना सोसायटीला झोपडीचा लळा लागला होता. चौथ्या मजल्याच्या काकूंनी भिंतींना पडदे दिले. कुणी सतरंजी दिली, कुणी सल्ला दिला. सल्ले जास्त झाले. फांद्या नगरपालिकेच्याच बागेत छाटलेल्या मिळाल्या, आणि मंगळवारी दुपारी त्या वर चढल्या. आजोबा आत उभे राहिले, मान वर केली. ऊन फांद्यांतून ठिपक्याठिपक्यांनी त्यांच्या टक्कलावर पडलं. इतकं गळकं छप्पर त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते त्यांना फार आवडलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मुलांसाठी खाऊ आणायला ते गोटीला घेऊन बेकरीत गेले. बेकरीत गर्दी होती. तीनच्या सुमारास आभाळ जरा भरून आलं. त्यांना ते दिसलंही नाही.

सेक्रेटरींना दिसलं.

साडेपाचला पाच मिनिटं कमी असताना आजोबा परतले तेव्हा झोपडीवर निळी ताडपत्री होती. ताणून, काठ दुमडून, खिळे मारून बसवलेली. एवढ्यावर थांबते तर ते सेक्रेटरी कसले? त्यांनी आजीला उठवून माळ्यावरचा आजोबांच्या वॉटरप्रूफिंगच्या मसाल्याचा उरलेला डबा मागून घेतला होता. अर्धवट झोपेत आजीने तो दिला होता. सगळे सांधे त्या मसाल्याने भरले होते. हा तोच मसाला, ज्याबद्दल आजोबा चौतीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आले होते की, एकदा वाळला की तुमचे नातू पणतू आले तरी निघणार नाही.

"बारा मुलं यायची, भिजली असती," सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्या बाहीला, कपाळाला मसाला लागला होता. "आता थेंब आत येणार नाही. तुम्ही गच्चीवर करत होता ते पाहून शिकलो."

आजोबांनी तोंड उघडलं. खूप काही बोलायचं होतं. पण नजर सवयीने सांध्यांवरून फिरली आणि तोंडून निघालं, "कोपरे चांगले घेतलेत." सेक्रेटरी लाजले.

तेवढ्यात फाटकातून बाई आणि बारा मुलं आली.

आत निळा उजेड होता. मुलं सतरंजीवर बसली, आजोबांनी पुस्तक वाचलं. या वेळी त्यांनी 'आपण' म्हटलं नाही, 'ती माणसं' म्हटलं. बकरीवर मुलं खूश झाली. गोटी शेवटच्या पानाची वाट बघत बसली होती, आणि शेवटच्या पानावर तारे होते. चष्मेवालीने मान वर केली.

"तारे कुठेत?"

"वर आहेत," गोटी म्हणाली.

"दिसत नाहीत."

"झाकलेत."

चष्मेवाली दुष्ट नव्हती, तिला फक्त दिसेल तेच कळत असे. बाई घाईघाईने म्हणाल्या, "छान आहे हं तुमचा तंबू." गोटी म्हणाली, "झोपडी." पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. साडेसहाला पालक आले आणि मुलं बिस्किटं खात खात गेली. गोटीने बिस्किट खाल्लं नाही. ती कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली. रडली असती तर बरं झालं असतं.

"आजोबा," ती म्हणाली, "तू म्हणाला होतास, आपण."

आजोबा उठले. स्वयंपाकघरातून सुरी आणली, टाकीमागची शिडी ओढली. सेक्रेटरी धावत आले. "अहो, अहो, काय करताय? दुपारभर खपलोय मी."

आजोबांनी खिशातून नगरपालिकेचा कागद काढून त्यांच्या हातात दिला. सेक्रेटरींनी तो वाचला. 'न गळल्यास अनधिकृत बांधकाम' इथे आल्यावर त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. आयुष्यात त्यांनी कधी लाल सिग्नल तोडला नव्हता, आणि आज स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सोसायटीत त्यांनी एक अनधिकृत बांधकाम उभं केलं होतं. त्यांनी कागदाची घडी घातली, परत दिली आणि शिडी धरली. "चढा," ते म्हणाले. "मी धरतो."

पुढची वीस मिनिटं आजोबा आपल्याच मालाशी झुंजत होते. मसाला सुरीला दाद देईना. त्यांनी त्याला, त्याच्या कंपनीला आणि त्याची शिफारस करणाऱ्या प्रत्येक माणसाला, म्हणजे स्वतःला, शिव्या मोजल्या. शेवटी सांध्यांचा नाद सोडून त्यांनी ताडपत्रीच मधोमध फाडली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पानं, कचरा आणि एक फांदी सेक्रेटरींच्या डोक्यावर आली. त्यांनी शिडी सोडली नाही.

खाली उतरून आजोबा वाकून आत शिरले आणि बघतात तर सतरंजीवर दोन मुली. चष्मेवाली अजून तिथेच होती. तिच्या बाबांचं चष्म्याचं दुकान सातला बंद होतं, म्हणून ती थांबली होती आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. ती सतरंजीवर आडवी झाली होती. तिच्या शेजारी, हातभर अंतर सोडून, गोटी. आजोबाही गुडघ्यांची परवानगी घेऊन दोघींच्या पलीकडे आडवे झाले.

ढग पांगले होते. आभाळ निळं होतं, मग गडद निळं झालं. दारातून चष्मेवालीचे बाबा डोकावले. "चल गं, उशीर झाला."

"बाबा, आडवे व्हा."

"अगं, कपडे..."

"आडवे व्हा आधी."

ते आडवे झाले. दोन फांद्यांच्या मध्ये, सुताराच्या चार बोटांत, एक तारा होता. तो कधी आला ते कुणालाच सांगता आलं नसतं. चष्मेवालीने चष्मा काढला, फ्रॉकला पुसला, परत लावला.

"दिसला," ती म्हणाली.

आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आडवं असल्यामुळे ते कानात गेलं. गोटीने कुशीवर वळून चष्मेवालीकडे पाहिलं.

"उद्या वर्गात सांगशील?"

चष्मेवालीने विचार केला. ती नेहमी विचार करूनच बोलत असे. "नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं तर मलाही खोटारडी म्हणतील."

आजोबांना वाटलं, आता उठून बसावं, दोन शब्द सांगावेत. पण गोटी त्यांच्या आधी बोलली. खोटारडी म्हणवून घेणं काय असतं, हे त्या झोपडीत तिलाच सगळ्यात जास्त ठाऊक होतं.

"म्हणू देत," ती म्हणाली. "मी सांगेन, तू खरं बोलतेस."

चष्मेवाली थोडी सरकली आणि मधलं हातभर अंतर मिटलं. दोघी पुन्हा वर बघू लागल्या.